आकाशात मागितलेली अनुमती

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याच्या मध्यभागी एक लांबरुंद खोरे आहे. वाशीच्या बाजारात पोत्यांनी उतरणारा कॅलिफोर्निया बदाम याच खोऱ्यात पिकतो. फ्रेस्नो हे तेथील एक मोठे शहर. तेथून पश्चिमेस सुमारे शंभर मैलांवर प्रशांत महासागराच्या काठी मॉन्टेरे हे गाव वसले आहे. उन्हाळ्यातील सकाळी फ्रेस्नोचे आकाश निरभ्र असते. परंतु त्याच वेळी मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर थंड समुद्रामुळे तयार झालेला ढगांचा सखल थर पसरलेला असतो. मोटारीने जाणाऱ्यास त्याचे फारसे काही वाटत नाही. छोट्या विमानाने जाणाऱ्यास मात्र हा पांढरा थर एक गंभीर प्रश्न विचारतो.

चार आसनांचे एक लहान विमान ६,५०० फूट उंचीवरून किनाऱ्याकडे निघाले आहे, असे समजू. वर स्वच्छ ऊन आहे, डोंगरमाथे स्पष्ट दिसत आहेत. पुढे पाहावे तो कापसाची गादी अंथरावी तसा ढग. विमानतळ त्या गादीखाली आहे. डोळ्यांना दिसेल त्या मार्गाने जाण्याच्या नियमाने हे विमान निघाले होते. ढगात शिरावयाचे तर नियम बदलला पाहिजे, आणि नियम बदलण्यासाठी जमिनीवरील नियंत्रकाची अनुमती हवी. विमान तर हवेत आहे. ते रस्त्याच्या कडेला उभे करून अर्ज भरता येत नाही. अशा वेळी उडता उडताच अनुमती मागावी लागते. वैमानिकांच्या बोलीत या अनुमतीला ‘पॉप-अप’ म्हणतात. पूर्वसूचना नसलेले विमान नियंत्रकाच्या पडद्यावर अचानक उगवते, म्हणून हे नाव.

ही अनुमती कशी मागितली जाते, ती केव्हा मिळते, आणि न मागता किंवा नीट न समजून घेता पुढे गेल्यास काय घडते, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

दोन नियम, दोन जबाबदाऱ्या

विमानोड्डाणाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला दृष्टीच्या नियमांनुसार होणारे उड्डाण. त्यास ‘व्हीएफआर’ म्हणतात. यात वैमानिक स्वतःच्या डोळ्यांनी जमीन, डोंगर आणि इतर विमाने पाहून मार्ग काढतो. अमेरिकेतील बहुतेक नियंत्रित आकाशात, दहा हजार फुटांखाली, त्यासाठी किमान तीन मैल दिसले पाहिजे. शिवाय ढगाच्या खाली ५०० फूट, वर १,००० फूट आणि बाजूने २,००० फूट अंतर राखावे लागते. या अंतराचे कारण सोपे आहे. ढगातून दुसरे विमान अकस्मात बाहेर आले, तर एकमेकांना पाहून टाळण्यास अवधी मिळावा.

दुसरा प्रकार उपकरणांच्या नियमांनुसार होणाऱ्या उड्डाणाचा, म्हणजे ‘आयएफआर’. यात खिडकीबाहेर काहीही दिसले नाही तरी चालते. वैमानिक समोरील उपकरणे वाचतो, आणि आयएफआरने चाललेल्या विमानांमधील परस्पर अंतर राखण्याची जबाबदारी नियंत्रक घेतो. यासाठी वेगळे शिक्षण व वेगळी परीक्षा असते. अमेरिकेत सर्वसाधारणपणे केवळ उपकरणांवर विसंबून केलेल्या किमान ४० तासांच्या सरावाची त्यासाठी अट असते. पुढेही दर सहा महिन्यांच्या काळात ठरावीक सराव झालेला नसल्यास ती पात्रता वापरता येत नाही. कायदा स्पष्ट सांगतो की, नियंत्रित आकाशात आयएफआर उड्डाण करावयाचे असेल, तर उड्डाणाची योजना दाखल केलेली असली पाहिजे आणि नियंत्रकाची मंजुरी मिळालेली असली पाहिजे.

व्यापारी घराला हे समजण्यास जड जाऊ नये. पहिला प्रकार रोखीच्या व्यवहारासारखा आहे. आपले डोळे, आपली थैली, आपली जबाबदारी. दुसरा प्रकार कर्जमर्यादेच्या व्यवहारासारखा. तेथे दुसऱ्याने आपली जबाबदारी उचललेली असते, म्हणून त्याच्या मंजुरीपूर्वी पाऊल टाकता येत नाही.

अनुमतीची परंपरा कशी जन्मली

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे जिमी डूलिटल या वैमानिकाने आपल्या बैठकीवर आच्छादन ओढून घेतले आणि बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवून, फिरवून, पुन्हा उतरवून दाखविले. केवळ उपकरणांवर विसंबून संपूर्ण उड्डाण करता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले. सावधगिरी म्हणून दुसऱ्या बैठकीत आणखी एक वैमानिक होता.

ढगातून जाणे शक्य झाले, आणि त्याबरोबर नवा धोका उभा राहिला. एकाच ढगात दोन विमाने शिरली तर? डिसेंबर १९३५ मध्ये काही विमान कंपन्यांनी एकत्र येऊन नेवार्क येथे मार्गनियंत्रणाचे केंद्र उघडले; पुढच्याच वर्षी सरकारने ते काम आपल्याकडे घेतले. त्या काळी रडार नव्हते. फळा, नकाशा आणि त्यावर हाताने सरकविण्याच्या छोट्या खुणा, एवढ्यावर कारभार चाले. नियंत्रक व वैमानिक यांचे थेट बोलणेही होत नसे. निरोप कंपनीच्या माणसामार्फत जात.

ही व्यवस्था किती अपुरी आहे हे ३० जून १९५६ रोजी जगाला कळले. लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने दोन मोठी प्रवासी विमाने निघाली, एक ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे आणि दुसरे युनायटेडचे. वाटेत ढग लागल्यामुळे पहिल्या विमानाने २१,००० फुटांवर जाण्याची परवानगी मागितली. युनायटेडचे विमान त्याच उंचीवर असल्याने ती नाकारली गेली. तेव्हा वैमानिकाने दुसरी मागणी केली: ढगमाथ्याच्या किमान एक हजार फूट वर राहून जाण्याची. ही मंजूर झाली. परंतु या मंजुरीत एक अट दडलेली होती. अशा उड्डाणात दुसरे विमान पाहून टाळण्याची जबाबदारी वैमानिकावर येत असे. ढगांच्या वर राहता राहता ते विमान नेमके २१,००० फुटांवर पोहोचले. ग्रँड कॅन्यनच्या दरीवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. १२८ माणसे होती. एकही वाचले नाही.

येथे अनुमती मागितली गेली होती, मिळालीही होती. नकार मिळालेली उंची मात्र दुसऱ्या वाटेने हाती आली, आणि तिच्याबरोबर आलेली जबाबदारी पेलण्यास दोन डोळे पुरे पडले नाहीत. मंजुरीपत्रातील रक्कम वाचावयाची आणि अटी वाचावयाच्या नाहीत, ही सवय बाजारात किती घरांना भोवली आहे, हे जाणत्यांस सांगावयास नको. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत मोठे मंथन झाले आणि १९५८ च्या कायद्याने आकाशाचा कारभार एका स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आला. तीच आजची ‘एफएए’.

मागण्याची रीत

आता मॉन्टेरेकडे निघालेल्या त्या छोट्या विमानाकडे परत येऊ. वैमानिक उपकरणांच्या उड्डाणास पात्र आहे, विमानही सुसज्ज आहे, इंधन पुरेसे आहे. तो काय करतो?

प्रथम तो ऐकतो. रेडिओवर एकाच लहरीवर अनेक विमाने बोलत असतात. कोणी मध्येच तोंड घातले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. किंचित शांतता मिळताच तो फक्त स्वतःची ओळख देतो आणि एक विनंती असल्याचे सांगतो. सारी हकीकत एका दमात सांगत नाही. नियंत्रकाचे हात मोकळे झाले की तो म्हणतो, “विनंती सांगा.” मग ठरलेल्या क्रमाने तपशील येतो: विमानाचा प्रकार, सध्याचे स्थान, उंची, कोठे जावयाचे आणि कोणत्या पद्धतीने उतरावयाचे. हे सारे आधीच कागदावर टिपून ठेवणारा वैमानिक शहाणा समजला जातो.

नियंत्रक त्याला चार अंकी संकेतांक देतो. विमानातील ट्रान्सपॉन्डर नावाच्या यंत्रावर तो लावला की रडारच्या पडद्यावर ते विमान वेगळे ओळखू येते. या यंत्रावर शून्य ते सात एवढेच अंक असतात, त्यामुळे एकूण ४,०९६ संकेतांक होतात. दृष्टीच्या नियमाने जाणारी सर्वसाधारण विमाने १२०० हा अंक लावतात. ७७०० हा संकटाचा अंक आहे. विमान ओळखू आले की नियंत्रक सांगतो, “रडारवर दिसलात.”

नवशिक्या वैमानिकाची चूक नेमकी येथे होते. संकेतांक मिळाला, रडारवर दिसलो, म्हणजे अनुमती मिळाली, असे त्याला वाटते. तसे मुळीच नाही. अमुक ठिकाणापर्यंत, अमुक मार्गाने, अमुक उंचीवर जाण्यास मंजुरी आहे, हे शब्द कानी पडेपर्यंत तो दृष्टीच्याच नियमाने बांधलेला असतो. ढगापासून ठरलेले अंतर राखण्याचे बंधन कायम असते. बँकेने अर्जाला क्रमांक दिला म्हणजे कर्ज मंजूर झाले असे कोणी मानीत नाही, तसेच हे.

मंजुरीपूर्वी नियंत्रक आणखी एक प्रश्न विचारू शकतो. ढगातून जाणाऱ्या विमानासाठी प्रत्येक प्रदेशात एक किमान उंची ठरविलेली असते. तिच्या खाली डोंगर व मनोरे यांच्यापासून सुरक्षित अंतराची हमी नसते. विमान त्या उंचीच्या खाली असेल, तर नियंत्रक विचारतो: “तेवढ्या उंचीपर्यंत चढताना डोंगर आणि अडथळे तुम्ही स्वतः टाळू शकाल काय?” याचे उत्तर केवळ वैमानिकच देऊ शकतो. होकार दिला तर तेवढ्या चढाईची जबाबदारी त्याची. जमत नसेल तर ‘नाही’ म्हणण्यातच हित आहे. संकोचाने दिलेला होकार हा आकाशातील सर्वांत महाग शब्द ठरू शकतो.

शेवटी मंजुरी येते. वैमानिक ती कागदावर टिपतो आणि तिचे महत्त्वाचे भाग, विशेषतः उंची व दिशा, नियंत्रकास पुन्हा म्हणून दाखवितो. नियंत्रक ते बरोबर असल्याचे सांगतो. सामायिक-प्रतिक्रमणाच्या विधीत श्रावक प्रत्येक क्रियेपूर्वी गुरूंची आज्ञा मागतो आणि मिळालेली आज्ञा स्वीकारल्याचे मुखाने सांगतो. मागणे, मिळणे आणि मिळाल्याची पोच देणे, असा हा तीन पायऱ्यांचा क्रम आहे. जेथे चुकीला जागा ठेवावयाची नसते, तेथे माणसाने बहुधा हाच क्रम स्वीकारलेला दिसतो.

अनुमती नाकारलीही जाऊ शकते. योजना आधी दाखल केलेल्या विमानांची रांग असते; अचानक उगवलेल्यास त्यात जागा करून देणे नियंत्रकाच्या कामाच्या भारावर अवलंबून असते. तो थांबण्यास सांगेल किंवा रीतसर योजना दाखल करून या असेही म्हणेल. म्हणून परत फिरण्याची वाट आणि तेवढे इंधन हाती असतानाच मागावे. मॉन्टेरेच्या वैमानिकाला मागे वळून ऊन पडलेल्या खोऱ्यात केव्हाही उतरता येते. त्यामुळे त्याच्या आवाजात घाई नसते. गरज गळ्याशी आल्यावर केलेली मागणी ही मागणी राहत नाही, ती याचना होते.

समजुतीचा घोटाळा

मंजुरी मिळाली तरी तिचा अर्थ दोघांनी एकच घेतला पाहिजे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळील डलेस विमानतळाकडे येणाऱ्या ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या ५१४ क्रमांकाच्या विमानाला उतरण्याच्या मार्गावर येण्यास मंजुरी मिळाली. धावपट्टी अजून चाळीसहून अधिक मैल दूर होती. वैमानिकांनी समजूत करून घेतली की, मंजुरी दिली त्या अर्थी १,८०० फुटांपर्यंत खाली उतरण्यास हरकत नाही. नियंत्रकाच्या समजुतीप्रमाणे उंची सांभाळणे हे वैमानिकाचे काम होते. मध्ये व्हर्जिनियातील माउंट वेदर हा डोंगर ढगात झाकलेला होता. विमानातील ९२ च्या ९२ जणांचा अंत झाला. अपघाताच्या कारणाविषयी चौकशी मंडळाच्या सदस्यांतही एकमत झाले नाही. इतकी ती व्यवस्था संदिग्ध होती.

याहून चटका लावणारी गोष्ट अशी की, सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच ठिकाणी त्याच गैरसमजुतीने खाली उतरले होते आणि थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते सांगितले. कंपनीने आपल्या माणसांना सावध केले. परंतु ती सूचना त्या कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही.

त्यातून १९७६ मध्ये एक नवी व्यवस्था उभी राहिली. वैमानिक वा नियंत्रक आपली चूक ‘नासा’ या त्रयस्थ संस्थेला कळवितो; सांगणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते आणि चुकीचा बोध सर्वांना दिला जातो. अजाणता घडलेला नियमभंग, जो गुन्हा किंवा अपघात नाही, तो दहा दिवसांच्या आत कळविला असेल, तर काही अटींवर त्यास दंड वा परवान्याचे निलंबन माफ होते. आपल्या परंपरेत आलोचनेला जे स्थान आहे, त्याचे हे व्यावहारिक रूप म्हणावे लागेल. दोष स्वतः होऊन सांगणाऱ्याचा भार हलका होतो आणि ऐकणारा सावध होतो.

१७८ सेकंद

काही जणांना वाटते, ढग म्हणजे धुकेच की. दोन मिनिटांत पार होऊ. या समजुतीची परीक्षा १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाली. उपकरणांच्या उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना, शेजारी प्रशिक्षक बसवून, बाहेरचे दृश्य दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवावयास दिले. विसांपैकी विसांचाही ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी. मात्र त्याच लोकांना ढगातून मागे वळून बाहेर पडण्याची साधी रीत शिकविल्यावर बहुतेकांना ती साधली, हेही तितकेच महत्त्वाचे.

असे का होते? मनुष्याच्या अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नळ्या असतात. वळण्याची जाणीव त्या देतात. परंतु वळण संथ आणि सारखे राहिले तर थोड्याच वेळात तो द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ जात आहोत असे वाटू लागते. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर ही भूल दुरुस्त होते. ढगात ती दुरुस्त करावयास काही नसते. विमान एका बाजूस कलंडून खाली फिरत असते आणि आतला माणूस निर्धास्त असतो.

२६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील कॅलाबासस येथे विख्यात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्यांची तेरा वर्षांची कन्या आणि अन्य सात जण हेलिकॉप्टर अपघातात गेले. उड्डाण दृष्टीच्या नियमाने चालले होते. वाटेत विमानतळाच्या हद्दीतून जाण्यासाठी वैमानिकाने विशेष अनुमती मागितली, ती मिळेपर्यंत घिरट्या घालीत वाट पाहिली. म्हणजे मागण्याची रीत त्याला ठाऊक होती. उपकरणांच्या उड्डाणाची पात्रताही त्याच्याकडे होती. हेलिकॉप्टर चालविणाऱ्या कंपनीस मात्र तशा व्यावसायिक उड्डाणाची मान्यता नव्हती. पुढे डोंगरांजवळ ढग दाटले. आपण ४,००० फुटांवर चढत आहोत एवढे त्याने नियंत्रकास कळविले. संकट असल्याचे सांगितले नाही. चढता चढता हेलिकॉप्टर डावीकडे वळले, वेगाने खाली आले आणि डोंगरउतारावर आदळले. चौकशी मंडळाने दिशाभ्रम हे कारण दिले. त्याचबरोबर पाहुण्यास वेळेवर पोहोचविण्याचा वैमानिकाने स्वतःच्या मनावर घेतलेला ताण आणि ठरलेला बेत न सोडण्याची वृत्ती यांचाही निर्देश केला. थोड्याच अंतरावर मागे उतरण्याजोगा विमानतळ होता.

उशीर झाला तरी

मग अजाणता ढगात सापडलेल्याने काय करावे? कायद्याने येथे माणुसकी राखली आहे. विमानाच्या सुरक्षिततेचा अंतिम निर्णय प्रमुख वैमानिकाचाच असतो, आणि खऱ्या संकटात आवश्यक तेवढा नियम मोडण्याची त्याला मुभा आहे. फार तर मागाहून लेखी खुलासा मागितला जातो. अट एकच, बोलले पाहिजे. “मी ढगात आहे, मला साहाय्य हवे,” एवढे वाक्य उच्चारताच नियंत्रक त्याला सर्वांत आधी हाती घेतो, इतर विमाने बाजूस सारतो, दिशा सांगतो, धीर देतो. अशा रीतीने सुखरूप उतरलेले वैमानिक पुष्कळ आहेत. न बोलण्याचे कारण बहुधा एकच असते, लाज. आपली चूक उघडी पडेल, परवाना जाईल, लोक काय म्हणतील!

हीच लाज व्यापारी घरांना अपरिचित नाही. पेढी अडचणीत येते तेव्हा पहिले काही महिने घरातील कर्ता पुरुष कोणासही काही सांगत नाही. भावाला नाही, मुलाला नाही, पत्नीला नाही. वरून सारे सरळ चालले आहे असे त्याला स्वतःलाही वाटत असते, आणि पेढी एका बाजूस कलंडत असते. पहिल्या तीन मिनिटांत बोलला असता तर मार्ग निघता.

न दिलेले घेऊ नये, हे अणुव्रत आपल्या घरांत लहानपणापासून शिकविले जाते. त्याचा अर्थ आपण वस्तूपुरता घेतो. परंतु जो मार्ग आपल्याला अद्याप दिलेला नाही, त्यावर पाऊल टाकणे हेही अदत्तादानच. त्या मार्गावर दुसरा कोणी, रीतसर मागून, निर्धास्तपणे चाललेला असू शकतो.

मॉन्टेरेच्या त्या वैमानिकाला मंजुरी मिळते. तो ती पुन्हा म्हणून दाखवितो, उपकरणांवर नजर स्थिर करतो आणि पांढऱ्या थरात शिरतो. काही मिनिटे खिडकीबाहेर काहीही दिसत नाही. मग थर विरळ होतो, आणि समोर धावपट्टीचे दिवे दिसू लागतात.